पालथी बरणी

आम्हाला हॉलंडला दुष्काळानं नेलं. हे मी घरात कधी बोलून दाखवलं नाही, पण खरं तेच आहे.

शहराच्या गारखेडा भागात आमचं दुकान आहे. पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या, पाइप, तोट्या, टाकीतले तरंगते गोळे. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नीट पडला नाही आणि नळाला पाच-पाच, सहा-सहा दिवसांनी पाणी यायला लागलं. त्याच दोन वर्षांत बायपासच्या दोन्ही अंगांना इमारती अशा उगवल्या, की या शहरात पाणी सोडून बाकी सगळ्याचा सुकाळ आहे असं वाटावं. ज्याच्या गच्चीवर एक टाकी होती त्यानं दुसरी चढवली. ज्याच्याकडे दोन होत्या त्यानं जिन्याखाली तिसरी बसवली. नळाला रोज पाणी येत असेल तर माणसाला एक पिंप पुरतं. पाणी येईनासं झालं की तो टाकी विकत घेतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला हे कुठं सापडलं नव्हतं, आमच्या दुकानाच्या पायरीवर सापडलं.

बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांना आनंद लपवता येत नाही, एवढंच. मे महिन्यात टेम्पोतून टाक्या उतरवून घेताना ते हात कपाळावर धरून आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "अजून पंधरा दिवस तरी नको बाबा." समोरच्या गल्लीत बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत उभ्या असायच्या. त्याही आभाळाकडेच बघायच्या.

तर टाक्या बनवणाऱ्या कंपनीनं त्या वर्षी भागातल्या ज्या डीलरांनी सगळ्यात जास्त माल खपवला त्यांना हॉलंडची सहल बक्षीस दिली. तिकीट दोघांचं. आई म्हणाली, "मी नाही येत. पाणी कधी सोडतील काही भरवसा नाही. घरात कुणी नको का?" टाक्या विकणाऱ्याच्या घरात पाणी भरायला माणूस लागतं, म्हणून माझी आई हॉलंडला गेली नाही. बाबांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते म्हणाले, "मग पोरीला नेतो. इंग्रजीची सोय होईल."

इंग्रजीची सोय म्हणजे मी. चौदा वर्षं इंग्रजी शाळेत काढली, नंतर कॉलेजही इंग्रजीतच. माझं इंग्रजी कागदावर चांगलं आहे, अजूनही आहे. तोंडातून काढायची वेळ आली की मात्र ते घशाशी येऊन उभं राहतं. लहानपणी पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "बोलून दाखव गं काही." मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जायची ती पाहुणे गेल्यावरच बाहेर यायची. बाबांनी याचा अर्थ मुलगी संस्कारी आहे असा घेतला. विमानतळावर त्यांनी सगळ्या डीलरांना सांगून टाकलं होतं, "इंग्रजीची काळजी करू नका. आपली पोरगी आहे."

चाळीस माणसं होती. सगळ्यांना कंपनीच्या नावाच्या निळ्या टोप्या दिलेल्या, आणि सगळ्यांनी त्या घातल्या होत्या, विमानातसुद्धा. मी माझी बॅगेच्या तळाशी ठेवली. चौथ्या दिवशी पवनचक्क्या आणि डेल्फ्ट असा कार्यक्रम होता: सकाळी चक्क्या, दुपारी निळ्या भांड्यांचं जुनं गाव. नाश्त्याच्या वेळी बाबा तीन वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन म्हणाले, "आज चक्क्या." मी कानात इयरफोन घातले. गाणं लावलं नव्हतं. इयरफोन घातले की माणसं आपल्याशी बोलत नाहीत आणि आपल्याला मात्र त्यांचं सगळं ऐकू येतं.

आमचा टूर मॅनेजर पुण्याचा. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक. सगळ्यांना "मंडळी" म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी हसायचा. बस शहराबाहेर पडल्यावर त्यानं सांगितलं, "मंडळी, हा देश बराचसा समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. इथं पाणी जास्त झालं. ते उपसून बाहेर काढायला या पवनचक्क्या बांधल्या."

बसमधल्या सगळ्या टोप्या माइककडे वळल्या.

"काय करायला?" फुलंब्रीच्या एका डीलरांनी विचारलं.

"पाणी बाहेर काढायला."

"बाहेर म्हंजी कुठं?"

"समुद्रात."

"अन् त्यांना कुणी काही म्हणत नाय?"

सगळी बस हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणावं पाइप टाका आमच्यापर्यंत. पाइप मी देतो." "अन् टाक्या मी," बाबा म्हणाले. मग जो विनोद होणार हे मला मुंबईहून विमान सुटलं तेव्हाच माहीत होतं तो झाला. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडं पाणचक्की आहेच की, यात नवीन काय. त्यावर दहा मिनिटं चर्चा चालली. पाणचक्की मोठी की पवनचक्की, जुनी कुठली, डोकं कुणाचं जास्त. बोलणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी शाळेच्या सहलीनंतर शहरातल्या त्या जुन्या पाणचक्कीच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. बाहेर गाडी लावून मक्याचं कणीस खाऊन परत जाणारे हे लोक. परदेशात आल्यावर त्यांना अभिमानाचा उमाळा आला.

माझ्या पुढच्या बाकावर देवगाव रंगारीचे डीलर आणि त्यांची बायको बसले होते. मी त्यांना काका-काकू म्हणायची. म्हणजे, म्हणावंच लागलं तर. काकू पन्नाशीच्या. लुगड्यावर मुलाचा स्वेटर, पायात नवे पांढरे बूट, हातावर कोपरापर्यंत गोंदण. त्यांचे वडील मेंढपाळ. लहानपण कळपामागं फिरण्यात गेलेलं, शाळा झालीच नाही. आता देवगावात नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर त्याच बसायच्या, आणि काकांपेक्षा जास्त टाक्या त्यांनीच विकल्या असाव्यात असा माझा अंदाज होता. बसच्या काचेला नाक लावून त्या बाहेर बघत होत्या. पाण्याच्या पाटांमध्ये हिरव्यागार पट्ट्या, त्यांवर मेंढ्या.

"मेंढरं लई भरलीत," त्या म्हणाल्या. कुणालाच नाही, काचेला. मग मागं वळून मला, "माय, राखणारं कुणी दिसत नाय. लांडगं नसतील का इकडं?"

मी इयरफोनला हात लावून मान हलवली. हो की नाही, ते त्यांनी ठरवावं.

पवनचक्क्यांच्या गावाबद्दल लोक फार भारावून बोलतात. मी काही बोलणार नाही. तिथं एक पाटी होती, आमच्यातल्या बाकी कुणी ती वाचली नाही. त्यावर लिहिलं होतं की यातल्या बऱ्याच चक्क्या आणि घरं दुसरीकडून उचलून आणून इथं उभी केली आहेत. म्हणजे लोकांना बघायला सोयीचं पडावं म्हणून जमवलेलं गाव. सगळी घरं एकाच हिरव्या रंगाची. नदीवरून गार वारा येत होता आणि चक्क्यांची पाती खरोखर फिरत होती, ते मला आवडलं. पण ते आवडलं म्हणून लगेच तोंड उघडून उभं राहावं असं मला वाटलं नाही. आमची मंडळी एका भल्यामोठ्या पिवळ्या लाकडी बुटापुढं रांग लावून उभी होती. बुटात बसून फोटो काढायचा. सफारी घातलेले, पोट सुटलेले, दोन-दोन दुकानांचे मालक एकेक करून बुटात बसत होते आणि अंगठा वर करत होते. बाबा दोनदा बसले, कारण पहिल्या फोटोत टोपी आली नव्हती.

काकाही बसले. काकूंना म्हणाले, "ये ना, बस."

"चपलात बसायचं का आता?" काकू म्हणाल्या. "लोक चपला दारात काढतेत, तुम्ही तिच्यात जाऊन बसा."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. त्या दिवसांत मी काहीच दाखवत नव्हते. कळपापासून वीस पावलं मागं चालायचं, ते लोक दुकानात शिरले तर आपण दुसऱ्या दारानं शिरायचं, आणि कुणा गोऱ्या माणसानं पाहिलं तर मी यांच्यातली नाही असं त्याला वाटावं अशा बेतानं उभं राहायचं. माझ्या तोंडावर काय लिहिलं आहे हे मला माहीत होतं. तरी मला वाटायचं की बिनटोपीची मी वेगळी दिसते.

दुपारी डेल्फ्टला पोचलो. मधोमध मोठा चौक, एका टोकाला उंच चर्च, बाजूनं पाण्याचे कालवे आणि त्यावर छोटे पूल. मॅनेजरनं चौकात उभं राहून सांगितलं, "मंडळी, पूर्वी इथले व्यापारी चीनमधून निळी-पांढरी भांडी आणायचे. पुढं तिकडून माल येईना, म्हणून इथल्या कुंभारांनी तशीच भांडी इथंच बनवायला घेतली. तीच ही जगप्रसिद्ध निळी भांडी."

"म्हणजे डुप्लिकेट माल," बाबा म्हणाले.

"कंपनीचा नाय, लोकल," फुलंब्रीवाले म्हणाले.

या विषयातलं त्यांना खरोखर कळत होतं. डुप्लिकेट तोट्यांवर कंपनीचं लेबल चिकटवणारे दोघेजण तरी त्या घोळक्यात होते. मॅनेजर हसला नाही, कारण विनोद त्याचा नव्हता. दीड तास मोकळा वेळ दिला, बस पुलाजवळ लागेल म्हणाला, उशीर करू नका म्हणाला.

बहुतेक लोक आइस्क्रीमकडे गेले. मी कालव्याकाठच्या एका लहान दुकानात शिरले, कारण ते रिकामं होतं. खाली लाकडी जमीन, भिंतींना फळ्या, फळ्यांवर फुलदाण्या, ताटल्या, झाकणाच्या बरण्या. मागं एक बाई खाली मान घालून बारीक कुंचल्यानं ताटलीवर निळी नक्षी काढत होती. पांढरे केस, चष्मा साखळीला बांधलेला. तिनं मान वर करून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि परत कामाला लागली. इतकी शांतता होती की कुंचला पाण्यात बुडवलेला ऐकू यायचा. मला वाटलं, अखेर एक जागा मिळाली.

तेवढ्यात दार वाजलं आणि काका-काकू आत आले. मी फळीच्या पलीकडे सरकले.

"लोनच्याची बरनी," काकू म्हणाल्या. त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा घ्यावंसं काहीतरी दिसलं होतं. "अगदी आपल्यासारखी. चिनी मातीची. मोठ्या लेकीला न्यावी म्हनते."

फळीवर एक पाटी होती. इंग्रजीत. कृपया हात लावू नका, हवं असल्यास आम्हाला सांगा. मी ती वाचली. काकू माझ्यापासून चार पावलांवर होत्या. त्यांना सांगायचं तर त्या शांत दुकानात मला मोठ्यानं "काकू" म्हणावं लागलं असतं, मराठीत. मग त्या बाईला कळलं असतं की मी यांच्याबरोबर आहे. मी गप्प राहिले. कारण एवढंच होतं, याहून मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही.

काकूंनी एक बरणी उचलली. झाकण काढून काखेत धरलं, बरणी डाव्या तळव्यावर तोलली आणि उजव्या हाताचं बोट वाकवून तिला टिचकी मारली. गळ्याला एक, पोटाला एक, बुडाजवळ एक. टण्, टण्, टण्. कान जवळ नेऊन ऐकलं. ठेवली. दुसरी उचलली.

मला हे माहीत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे रस्त्याच्या कडेला माठ विकायला येतात, तेव्हा आई हेच करते. मी स्कूटरजवळ तोंड फिरवून उभी राहते. पक्कं भाजलेलं, बिनचिरेचं भांडं खणखणीत वाजतं. चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. आणखी एक रीत आहे. वाजवताना एखादं बद्द निघालं तर ते परत रांगेत ठेवत नाहीत. बाजूला, पालथं घालून ठेवतात. पुढच्या बाईनं चुकून घरी नेऊ नये म्हणून. कुंभार कुरकुरतो, भांडतो, "नीट वाजवा हो बाई" म्हणतो, मग स्वतः टिचकी मारून बघतो आणि गुपचूप ते गाडीखाली सरकवतो. यात कुणाचा अपमान नसतो.

चार बरण्या खणखणीत वाजल्या. पाचवी बद्द वाजली. मलाही ऐकू आलं. काकूंनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा बद्द. त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्चक् केलं, ती बरणी खिडकीजवळच्या रिकाम्या मेजावर नेली आणि पालथी घातली. झाकण शेजारी ठेवलं. नीट, न वाजवता.

आवाजानं ती बाई उठून आलीच होती. तिनं पालथी बरणी पाहिली, उचलली, उजेडात धरली. पोटापासून बुडाकडे केसासारखी चीर. तिनं काकूंना इंग्रजीत विचारलं, हे तुमच्याकडून फुटलं का? आवाज चढलेला नव्हता. पण फुटलेलं भांडं कुणी पालथं घालून बाजूला ठेवतं तेव्हा ते लपवण्यासाठीच, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

काकू हसल्या. जोरजोरात मान हलवली. "व्हय, व्हय. फुटकं हाय. बाजूला ठिवलं."

मान हलवलेली कुठल्याही भाषेत कळते. बाई गल्ल्याकडे गेली. काकांना चटकन समजलं की काहीतरी बिनसलं आहे आणि ते मॅनेजरला शोधायला बाहेर पळाले. परत आले ते मॅनेजर, बाबा, आणि आइस्क्रीम हातात घेतलेले दहा-बारा जण बरोबर घेऊनच. लहानसं दुकान निळ्या टोप्यांनी भरून गेलं.

मॅनेजर बाईशी दोन मिनिटं बोलला, मग काकूंकडे वळला. "काकू, इथं हात लावायचा नसतो. पाटी आहे ना तिथं."

"मला वाचता येतं का?" काकू म्हणाल्या.

"वाजवायची काय गरज व्हती पन?" काका म्हणाले. "मडकं हाय का ते?"

"मडकंच हाय. निळं हाय म्हनून काय झालं?"

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. आतापर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. त्या मॅनेजरला म्हणाल्या, "पैसं द्यायचं तर द्या. घ्या म्हनावं. पन तिला सांगा, मी फोडलं नाय. आधीच फुटकं व्हतं. वाजवून बघ म्हनावं."

"काकू, ते सगळं समजावत बसलो तर तास जाईल. बस थांबत नाही. घेऊन टाकू आणि विषय संपवू."

"विषय कसा संपंल? मी चोरून ठिवलं असं वाटतंय तिला. तिचं तोंड बघा की."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. काकांनी खिशातून कार्ड काढून पुढं केलं. काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि फळीच्या आड उभी असलेली मी त्यांना दिसले.

"माय," त्या म्हणाल्या, "तू व्हती ना इथंच? तू ऐकलंस ना? सांग तिला. दुसरं काय नको मला. एवढं सांग."

"सांग बेटा, सांग," बाबा म्हणाले. चारचौघांत त्यांना जिंकल्याचा आनंद होत होता. "आपली पोरगी सांगते. चौदा वर्षं कशाला शिकवलं?"

वाक्यं तयार होती. कागदावर लिहावीत अशी, चार सरळ वाक्यं. आमच्याकडे भांडं घेण्याआधी वाजवून बघतात. चीर असेल तर आवाज बदलतो. हे आधीच बद्द वाजलं, मी ऐकलं. दुसऱ्या कुणी विकत घेऊ नये म्हणून यांनी पालथं ठेवलं. यातला एकही शब्द मला येत नव्हता असं नाही. पण तीस डोळे माझ्याकडे लागलेले. बाबांची ती टोपी, फुलंब्रीवाल्यांच्या हातावरून ओघळणारं आइस्क्रीम, आणि समोर ती साखळीच्या चष्म्याची शांत बाई. तिच्यापुढं आता मला मडक्यांविषयी आणि टिचक्यांविषयी बोलावं लागणार होतं. आम्ही कोण आहोत ते सांगावं लागणार होतं.

मी म्हणाले, यांना फार वाईट वाटतंय, चुकून झालं, त्या भरून देतील.

जीभ घसरली नाही. हे मी विचार करून बोलले, कारण हे बोलायला सोपं आणि थोडं होतं. बाईचा चेहरा एकदम निवळला. ती हसली, माझ्या हातावर हात ठेवला, होतं असं कधीकधी, म्हणाली, आणि तुझं इंग्रजी किती छान आहे, असंही म्हणाली. आणि मला बरं वाटलं. त्या दुकानात, तेव्हा, मला खरंच बरं वाटलं.

"सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"हो."

"काय म्हनली?"

"म्हणाली, कळलं."

काकांनी कार्ड दिलं. बाईनं बरणी कागदात गुंडाळून, दोरी बांधून त्यांच्या हातात दिली. बाबा बाहेर येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलं? दोन वाक्यांत काम." मॅनेजरनंही माझ्याकडे पाहून मान डोलावली. सगळे वेळेवर बसमध्ये चढले.

मी माझ्या नेहमीच्या जागी, खिडकीशी बसले आणि खिशातून इयरफोन काढले. बस गावाबाहेर पडल्यावर काकू पुढच्या बाकावरून उठल्या. धावत्या बसमध्ये दांडीला धरत मागं आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. गुंडाळलेली बरणी मांडीवर. बाहेर परत हिरव्या पट्ट्या आणि मेंढ्या लागल्या होत्या, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

"कामून हसली ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"दुकानवाली. तू सांगितल्यावर हसली. तुझ्या हाताला हात लावला. कामून?"

"इथली माणसं हसतात तशी, काकू. पद्धत आहे."

"असंल." त्यांनी कागदाची दोरी सारखी केली. "मी बाजारात लई मडकी घेतली, माय. तुझा मालच फुटका हाय म्हनल्यावर कुंभार हसत नाय. राग येतो त्याला. हातातून ओढून घेतो, सोता वाजवून बघतो. तिनं वाजवून बघितलं का?"

मी काचेकडे तोंड फिरवलं.

"ती पन कुंभारीनच की. तिथं बसून करत व्हती, मी बघितलं. वाजवून बघ म्हनली असतीस तर तिनं बघितलं असतं. हात वळखीचे व्हते तिचे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मातीची भांडी करणारं ते गाव. जन्मभर भांडी हाताळणाऱ्या बाईला टिचकीचा आवाज कळला नसता का? उभ्या हॉलंडमध्ये काकूंचं म्हणणं जिला पुरतं कळलं असतं अशी ती एकच बाई असेल, आणि आम्ही नेमके तिच्याच दुकानात होतो. मी तिच्यापुढं लाजत होते ते नेमकं तिला माहीत असलेल्या गोष्टीसाठी.

"तू नाय सांगितलंस," काकू म्हणाल्या. विचारलं नाही. रागही नव्हता. दुकानात एखादी तोटी हातात घेऊन, फिरवून, ही गळणार असं सांगावं तसं सांगितलं.

"घाबरले मी," मी म्हणाले. आणि तेही अर्धंच खरं होतं.

"घाबरलीस व्हय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. चार दिवस मी सगळ्यांकडे ज्या नजरेनं बघत होते तीच नजर. मला ती लगेच ओळखता आली. "मला वाटलं, शिकल्याली हाय."

मग त्यांनी मांडीवरची बरणी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तुझ्याकडं ठेव."

"काकू, पैसे तुम्ही दिलेत."

"पैसं गेलं ते गेलं. पन ही घरी नेली तर मी फोडल्याली बरनी घरी नेल्यासारखं व्हईल. लेकीला काय सांगू? न्हेनार नाय मी."

त्या उठल्या आणि दांडीला धरत आपल्या जागेवर गेल्या. काकांनी विचारलं, बरणी कुठं? "दिली तिला," त्या म्हणाल्या. काकांनी मागं वळून माझ्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं. त्यांना वाटलं, बायकोनं खूश होऊन बक्षीस दिलं.

बाबांनाही तेच वाटलं. रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि मी सांगू दिलं. काकू समोरच्या टेबलावर भाकरीसारखा जाड पाव मोडून खात होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. मी खरं काय ते सांगेन म्हणून त्या थांबल्या नाहीत, पाव संपवून उठल्या.

पुढचे तीन दिवस आम्ही तिथं होतो. त्या तीन दिवसांत काकूंनी मला एकही पाटी वाचायला सांगितली नाही, एकही गोष्ट विचारली नाही. जे हवं ते त्या सरळ समोरच्या माणसाला मराठीत विचारायच्या. गरम पाणी, संडास, साखर, बसचा रस्ता. हातांनी दाखवायच्या, आवाज चढवायच्या, आणि लोकांना कळायचं. एकदा हॉटेलच्या दारात त्या तिथल्या एका म्हातारीशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. ती तिच्या भाषेत, काकू आपल्या. दोघी आभाळाकडे बोट दाखवत होत्या. मी बाजूनं गेले. काय बोलणं चाललं आहे ते मला विचारावंसं वाटलं, पण काकूंनी माझ्यासाठी वाट करून दिली आणि बोलणं थांबवलं नाही.